काळीचं वजन

१

भाचीने गिटार गळ्यात घातली, दोन्ही हात सोडले, आणि गिटारची लांब मान झपकन जमिनीकडे कलली.

"असं कसं?" ती स्वतःशीच म्हणाली. मान उचलून तिने पुन्हा हात सोडले. मान पुन्हा खाली.

तालमीच्या खोलीत दोघीच होत्या. बँडची मंडळी अजून यायची होती. मावशी दाराजवळच्या स्टुलावर पर्स मांडीवर घेऊन बसली होती. तिला संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं. भाचीला एकटं वाटू नये म्हणून ती सोबत आली होती, एवढंच. भाचीचे बाबा, म्हणजे मावशीच्या धाकट्या बहिणीचा नवरा, जाऊन वर्ष होत आलं होतं. झोपेत हृदय थांबलं. ना दुखणं ना खुपणं. ज्या बँडबरोबर त्यांनी आयुष्य काढलं त्या बँडने येत्या रविवारी त्यांच्या आठवणीत कार्यक्रम ठेवला होता, आणि त्यांच्या जागी त्यांचीच गिटार घेऊन लेक उभी राहणार होती. त्या गिटारला घरात सगळे नुसतं 'काळी' म्हणत, गोठ्यातल्या म्हशीला म्हणावं तसं.

भाचीने अँप, गिटारचा आवाज मोठा करणारा खोका, सुरू केला, आवाज चढवला आणि एक जाड सूर छेडला. क्षणभर तो खोलीत भरून राहिला. मग त्याच्या पोटातून दुसराच आवाज उठला, वाढत गेला आणि किंचाळू लागला. मावशीने कानांवर हात दाबले. भाचीने धावत जाऊन अँप बंद केला.

"काळी अशी ओरडत नाही," ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "भरीव लाकडाची आहे ती. बाबा अँपला खेटून वाजवायचे, तरी कधी ओरडली नाही."

तिने गिटार गळ्यातून काढली, हातांवर तोलली आणि उलटी केली. मग ती तशीच उभी राहिली.

"मावशी, हे बघ."

मावशी उठून जवळ गेली. "काय बघू? इथे तर काहीच नाही."

"तेच तर! बाबांच्या पट्ट्याच्या बकलाने काळीच्या पाठीवर ओरखड्यांची नुसती जाळी झाली होती. लहानपणी मी त्यावर बोट फिरवत बसायचे. ही पाठ कोरी आहे." भाचीने मान वर केली तेव्हा तिचे डोळे भरले होते. "ही काळी नाही, मावशी. कुणीतरी बदलली आहे."

२

मावशीची सगळी नोकरी विमा कंपनीत गेली होती, आणि तिथे तिचं काम एकच: जळालेल्या घरांत, गोदामांत शिरून आग कशी लागली ते शोधायचं. राखेत उभं राहून तिला एक गोष्ट पक्की कळली होती. लोक आधी विचारतात 'कोणी?' आणि त्या प्रश्नाला उत्तरं पैशाला पासरी मिळतात. ती आधी विचारायची 'केव्हा?'

बहिणीच्या घरी जेवणाच्या टेबलावर चादर अंथरून तिने गिटार ठेवली.

"लेक सोडली तर काळीला त्याने कुणाला हात लावू दिला नाही," बहीण खुर्चीच्या पाठीला धरून म्हणाली. "मलासुद्धा नाही. आणि तो गेल्यावर बघ, किती हातांतून फिरली."

हात तीन होते. नवरा गेल्यावर काळीची पेटी समोर बघवेना, म्हणून बहिणीने दिराला ती न्यायला सांगितली. भाची त्यांना काका म्हणे. काकांनी काळी आपल्या चष्म्याच्या दुकानात काचेच्या कपाटात मांडली होती. तिथून तिला बँडचा ध्वनिमुद्रक स्टुडिओत घेऊन गेला, आठवण म्हणून फोटो काढायला. शेवटी ती गेली मिस्त्रीकडे. मिस्त्री म्हणजे काळी घडवणारा माणूस, मेहुण्यांचा तरुणपणापासूनचा मित्र. कार्यक्रमाआधी तारा बदलून, पुसून त्याने ती घरी पोचवली होती.

"काकाच असणार," भाची म्हणाली. "दुकानात एक माणूस काळी मागायला यायचा, असं मी ऐकलंय. दोन वर्षं मी परगावी शिकत होते, इथे कोण बघणार होतं?"

"मी उद्या तक्रार देते," बहीण म्हणाली. "भावजींनी या घरात पाय ठेवायचा नाही. आणि कार्यक्रम नको. खोटी वस्तू गळ्यात घालून त्याची आठवण काढायची का?"

"उद्या दे," मावशी म्हणाली. "आज मला बघू दे."

तिने दिवा टेबलाच्या कडेला आडवा धरला, भिंतीवरची काजळी बघताना धरायची तसा. गिटारच्या पुढच्या बाजूवर, जिथे उजवा हात टेकतो तिथे, काळा रंग झिजून खालचं लाकूड तपकिरी दिसत होतं. रंगाला केसासारख्या चिरा गेल्या होत्या. खालच्या कोपऱ्यात एक खळगा होता.

"हा मी केलेला," भाची नवलाने म्हणाली. "लहान असताना खेळण्यातली हातोडी मारली होती. अगदी तसाच आहे."

"आणि ही मान?"

भाचीने डावा हात मानेवर फिरवला. "मान तीच वाटते. हाताला ओळखीची आहे."

मावशीने गिटार उलटी केली. पाठ काळीशार, गुळगुळीत. पण आडव्या उजेडात पाहिलं तर मध्यावर अगदी बारीक, एकमेकांना छेदणाऱ्या रेघा होत्या. नखाने जाणवणार नाहीत इतक्या उथळ.

"नक्कल करणारा एवढा बहाद्दर, की पुढचा खळगासुद्धा जसाच्या तसा उतरवतो," मावशी पुटपुटली. "आणि मागचे ओरखडे साफ विसरतो? हे गणित जमत नाही."

"म्हणजे?" बहिणीने विचारलं.

मावशीने दिवा खाली ठेवला. "म्हणजे एक तर चोर अर्धवट होता, नाही तर चोरी अर्धवट झाली आहे."

३

काका चष्म्याची काच पुसत होते. पुसून झालेली काच ते पुन्हा पुसत होते.

"ताई, तुम्ही मला चोर म्हणायला आलात का?"

"मी विचारायला आले. तुम्ही काळी इथे केव्हा आणलीत?"

"वहिनींनी सांगितलं त्याच दिवशी. दादा गेला त्याच आठवड्यात." त्यांनी काच उजेडात धरली. "घरातून पेटी उचलली, इथे आणली, त्या कपाटात टांगली. चावी माझ्या खिशात."

"आणि गिऱ्हाईक?"

काकांचा हात थांबला. "तेही कळलं वाटतं. होता एक शौकीन. काचेला नाक लावून उभा राहायचा. विका म्हणून मागे लागला होता. मी त्याला हाकलून दिलं."

"घरी बोलला नाहीत."

"बोलून काय झालं असतं? वहिनींना वाटलं असतं, भाऊ जाऊन महिना नाही झाला आणि हा वस्तूचा भाव काढतोय." त्यांचा चेहरा लाल झाला. "न बोलण्याचं फळ आता मिळतंयच की."

चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. मावशी त्यांच्याकडे पाहत राहिली. राग होता, अपमान होता, पण चांदणं काही दिसेना.

"टांगताना तुम्हीच उचललीत ना? जड लागली?"

"पेटी चांगलीच जड होती. गिटार बाहेर काढली तर हलकी. मला हसू आलं. दादा नेहमी म्हणायचा, काळी खांद्यावर घेतली की सिमेंटचं पोतं घेतल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, कलावंतांचं सगळंच…" काका बोलता बोलता थांबले. काच त्यांनी हळूच खाली ठेवली. "ताई, ती हलकी होती. तेव्हाच हलकी होती. पण मी हे आता सांगून कोण विश्वास ठेवणार?"

४

ध्वनिमुद्रकाला बँडमध्ये सगळे कानसेन म्हणत. तानसेन व्हायचं नशिबात नव्हतं, असं तो स्वतःच सांगायचा. त्याच्या स्टुडिओच्या भिंतींना जाड कापड होतं आणि आत आपलाच आवाज आपल्याला परका वाटायचा.

"पुढचा भाग खरा आणि मागचा खोटा? मग मिस्त्रीलाच विचारा," तो म्हणाला. "तो तुम्हाला लाकडाची पोथी वाचून दाखवेल. हे लाकूड गोड बोलतं, ते लाकूड खणखणीत बोलतं. सगळ्या भाकडकथा. ही विजेची गिटार आहे, बाई. तार लोखंडाची, तिच्याखाली चुंबक. तार हलली की चुंबकाभोवतीच्या वेटोळ्यात वीज उठते आणि अँपकडे जाते. त्यात लाकडाला विचारतो कोण? दगडावर तारा ताणा, वाजेल."

"मग बॉडी एवढी घोटून कशाला करतात?"

"ती अंगाला लागते ना! तासन्तास उभं राहायचं असतं. बरगडीला टोचली, खांदा ओढला, मान खाली कलली, तर वाजवणारा सूर सांभाळेल की गिटार?"

"मान कशाने कलते?"

"तराजू आहे तो. मानेत लाकूड, टोकाला लोखंडी खुंट्या. इकडे बॉडी जड असली तर पारडं सारखं. बॉडी हलकी झाली की मान खाली."

"आणि बॉडी पोकळ असली तर?"

कानसेनने नाक मुरडलं. "पोकळ असली तर गोष्ट वेगळी, ते मी मानतो. अँपचा आवाज पोकळ डब्यावर आदळला की डबा थरथरतो. डब्याबरोबर तारा थरथरतात. तोच आवाज परत अँपमधून बाहेर, परत डब्यावर. मग किंकाळी. भरीव लाकूड असल्या गोष्टींना दाद देत नाही."

मावशी भिंतीवरचे फोटो पाहू लागली. सगळ्यांत मेहुणे होते, सगळ्यांत काळी होती. जुन्या फोटोंत गिटारचा पट्टा अरुंद, चकचकीत चामड्याचा. मेहुणे अँपसमोर छाती काढून उभे, आणि एका फोटोत तर दोन्ही हात वर करून हसणारे. गिटार गळ्यात सरळ, आडवी, मुकाट. शेवटच्या दोन फोटोंत पट्टा रुंद होता, खरखरीत चामड्याचा, शर्टाला धरून राहील असा. उजवं कोपर बॉडीवर दाबलेलं. आणि अँप कुठेच दिसत नव्हता.

"इथे ते कुठे उभे आहेत?"

"ते? शेवटच्या दौऱ्यातलं. अचानक लहर आली त्यांना. म्हणाले, मी दुसऱ्या बाजूला उभा राहतो, अँप लांब ठेव, आवाज कमी कर. मी म्हटलं, वय झालं, कान थकले."

"त्या दौऱ्यातलं काही ऐकवता?"

त्याने आधी जुन्या कार्यक्रमातलं एक गाणं लावलं, मग तेच गाणं शेवटच्या दौऱ्यातलं. मावशीला दोन्ही सारखीच वाटली.

"मलाही सारखीच वाटतात," कानसेन विजयाने म्हणाला. "ऐकलंत? लाकूड वगैरे सब झूट."

"ही लोकांसाठी साफ केलेली असतील ना? मूळ जसं होतं तसं लावा. गाणी संपतात तिथलं, टाळ्यांच्या मधलं."

कुरकुरत त्याने लावलं. टाळ्या. कुणाचं तरी खोकणं. मग टाळ्यांच्या खालून एक बारीक आवाज उठला, वाढू लागला, आणि तळहात टाकून गळा दाबावा तसा थांबला. पुढच्या गाण्याआधी पुन्हा तोच. मावशीला सूर कळत नव्हते, पण तालमीच्या खोलीतली ती किंकाळी तिने ओळखली.

"हा आवाज मी दर वेळी कापून टाकायचो," कानसेन हळू आवाजात म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "मला वाटायचं, वायरीतला दोष आहे."

मावशीला 'केव्हा'चं उत्तर मिळालं होतं. काळी बदलली तेव्हा मेहुणे जिवंत होते. बदललेली काळी त्यांच्याच गळ्यात होती. त्या गुळगुळीत पाठीवरच्या बारीक रेघाही आता बोलू लागल्या. कपाटात टांगलेल्या गिटारला बक्कल लागत नाही. नव्या पाठीशी कुणीतरी काही महिने उभं राहून वाजवलं होतं. मग मेहुण्यांनी हूं की चूं का केलं नाही?

पर्समधला फोन वाजला. भाचीचा होता.

"मावशी, लवकर घरी ये. काकांवर आळ आल्याचं ऐकून मिस्त्रीकाका येऊन गेले. आईपुढे हात जोडून उभे राहिले. म्हणाले, काकांना दोष देऊ नका. काळी मी चोरली. माझ्याकडे तारा बदलायला आली तेव्हा मी बदलली आणि विकून टाकली."

५

ज्याला ती चोरी करताच आली नसती, त्याने कबुली दिली होती. मावशी घरी गेलीच नाही. भाचीला तिने काळी घेऊन थेट मिस्त्रीच्या कारखान्यावर बोलावलं, आणि दारात पेटी हातात घेऊन तिला बाहेर बाकावर बसवलं.

आत सरसाचा आणि ताज्या लाकडाचा वास होता. भिंतीवर अजून न रंगवलेल्या बॉडी ओळीने टांगल्या होत्या. मिस्त्री खिडकीपाशी पाठमोरा उभा होता.

"पोलिसांना नाही आणलंत?" त्याने न वळता विचारलं.

"कशाला? चोरी झाली असती तर आणलं असतं."

तो वळला. वयाने मेहुण्यांएवढाच, पण या दिवसांत फार थकलेला दिसत होता. "मी वहिनींना सांगितलंय. मी विकली."

"कुणाला?"

"होता एक जण. नाव नाही सांगणार."

मावशीने काळी कामाच्या टेबलावर पालथी ठेवली. मग डॉक्टर रोग्याच्या पाठीवर बोटं वाजवतात तशी तिने गिटारवर बोटं वाजवली. मध्यावर, मानेपासून ब्रिजपर्यंत, म्हणजे तारा जिथे खाली अडकवतात तिथपर्यंतच्या रेषेत, आवाज घट्ट आला. डावीकडे सरकली, तसा आवाज बदलला. खोल, डब्यासारखा. उजवीकडेही तसाच.

"ही पुढची बाजू खरी आहे," ती म्हणाली. "भाचीने मारलेला खळगा आहे, हाताने झिजलेला रंग आहे. तसा रंग झिजवायला माणसाचं अर्धं आयुष्य लागतं, ते कुणाला विकत आणता येत नाही. मानही खरी आहे, तिच्या हाताने ओळखली. फक्त पाठ नवी आहे, आणि पाठीला लागून कडेने ही बारीक शिवण आहे. रंगाखाली दबलेली, पण बोटाला लागते. काळी कुठेच गेली नाही, मिस्त्री. तुम्ही तिची पाठ काढलीत, आतलं लाकूड कोरून काढलंत आणि नवी पाठ बसवलीत. जी गेलीच नाही ती तुम्ही विकलीत कशी?"

मिस्त्रीने नव्या पाठीवरून अंगठा फिरवला.

"आणि हे झालं शेवटच्या दौऱ्याआधी. ते स्वतः ती वाजवत होते. मान कलू नये म्हणून त्यांनी पट्टा बदलला, ओरडू नये म्हणून अँपपासून लांब गेले. म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. काळीला दुसऱ्या कुणाचा हात लागत नव्हता, तेव्हा हे काम त्यांनीच तुमच्याकडून करून घेतलं. ते का, एवढंच मला कळलेलं नाही. आणि तुम्ही चोर व्हायला का तयार झालात, तेही."

मिस्त्री स्टूल ओढून बसला. हात गुडघ्यांवर ठेवून तो त्या हातांकडे पाहत राहिला.

"तो म्हणाला, हिचं वजन उतरव," शेवटी तो बोलला. "मी म्हटलं, तुला दुसरी हलकी करून देतो. तो म्हणाला, दुसरी नको. दुसरी दिसली की लोक विचारतील. बाहेरून हीच दिसली पाहिजे. घरातसुद्धा. हृदयाचा स्नायू कमजोर झाला होता, ताई. डॉक्टरांकडे मीच घेऊन गेलो होतो. डॉक्टर म्हणाले, ओझं उचलू नका, तास तास उभं राहू नका, दौरे बंद करा. बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, घरी कळलं तर मला खुर्चीत बसवतील. लेकीचं शिक्षण अर्धवट राहील, ती धावत येईल. कुणाला सांगायचं नाही."

"आणि तुम्ही ऐकलंत."

"आधी नाही ऐकलं. खूप भांडलो. मग तो काळी गळ्यात घालून इथे, तुम्ही आहात तिथे उभा राहिला, आणि एक गाणं संपेपर्यंत त्याचे ओठ निळे पडले. मला बघवेना. मी काळी उघडली. मधला कणा भरीव ठेवला, ब्रिज आणि मान त्याच लाकडात राहिली पाहिजेत, नाही तर सूर लवकर मरतो. दोन्ही बाजू कोरल्या. पाठ बरगडीपाशी आतून वळवली, म्हणजे छातीला टेकणार नाही. माझ्या हातून इतकं चांगलं काम पुन्हा झालं नाही." तो हसायला गेला आणि त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. "जड राहिली असती तर तो दौऱ्यावर जाऊच शकला नसता. घरी बसला असता, कदाचित आज असता. मी त्याला वाजवायची सोय करून दिली. वहिनींनी मला चोर म्हटलेलं चालेल, ताई. हे कळून त्या जे म्हणतील, ते मला झेपणार नाही."

दाराशी आवाज झाला. भाची उभी होती. बाकावरून ती केव्हा उठली, दोघांनाही कळलं नव्हतं.

"मावशी," ती म्हणाली, "आईला सांगायचं?"

६

सांगायचं हे मावशीने ठरवलं, आणि मिस्त्रीनेच सांगायचं हेही. तो नको नको म्हणत होता. मावशीने त्याला एवढंच सांगितलं, की जळालेल्या घरातल्या माणसांपासून कारण लपवावं असं शेजाऱ्यांना नेहमी वाटतं, आणि ती माणसं मग जन्मभर प्रत्येक वायर, प्रत्येक चूल तपासत बसतात.

बहिणीने ते उभ्यानेच ऐकलं. मिस्त्रीने काही गाळलं नाही. डॉक्टर, निळे ओठ, कोरलेलं लाकूड, सगळं. बोलणं संपलं तेव्हा तो जमिनीकडे बघत होता.

"आधी भावजींना फोन लाव," बहीण लेकीला म्हणाली. "म्हणावं, तुमची वहिनी चुकली, उद्या जेवायला या." मग ती खुर्चीत बसली.

भाची फोन करून परत आली.

"जिन्यात थांबायचा तो," बहीण म्हणाली. "मधल्या वळणावर. मी वरून हाक मारली की म्हणायचा, बुटाची नाडी सुटली, बांधतोय." तिने मावशीकडे पाहिलं. "ताई, त्याच्या बुटांना नाड्या नव्हत्या. पायात सरकवायचे बूट होते."

"आई, म्हणजे तुला माहीत होतं?"

"माहीत नव्हतं. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याला सांगावं लागलं असतं, आणि मग ते खरं झालं असतं." तिने लेकीचा हात हातात घेतला. "तू रविवारी काळीच घे."

"अँपपासून लांब उभी राहीन," भाची रडत म्हणाली. "बाबा राहायचे तिथे."

मिस्त्रीने डोळे पुसले. "वहिनी, त्या दिवशी मी नाही म्हणालो असतो तर…"

"तर तो दुसऱ्या कुणाकडे गेला असता. मी त्याला ओळखत नाही का?" तिचा आवाज कडक झाला. "पण तुम्हाला माफ केलं, असं मी आज म्हणणार नाही. पुढे म्हणेन की नाही, मला माहीत नाही. फक्त एक गोष्ट खरी सांगा. तो घाबरला होता का?"

मिस्त्रीने मावशीकडे पाहिलं. मावशीने काही खुणावलं नाही.

"हो, वहिनी," तो म्हणाला. "फार घाबरला होता. माझ्यासमोर बसून लहान मुलासारखा रडला."

बहिणीने डोळे मिटले. मावशीला वाटलं आता ती कोसळणार, म्हणून ती पुढे झाली. पण बहिणीचा चेहरा हळूहळू सैल होत गेला, वर्षभर आवळून धरलेली मूठ सुटावी तसा.

"बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली. "मला वाटायचं, या घरात मी एकटीच घाबरतेय."